हत्तीपाय: घरात कुणाचाच पाय सुजलेला नाही, तरी गोळ्या का घ्यायच्या?

खाडीकाठची:

मंडळी, नमस्कार. आमचं गाव पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर. पुढे समुद्र, मागे खाडी, मधे घरं आणि वाड्या. गेल्या आठवड्यात आशाताई आणि आरोग्यसेवक हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन दारात आले. उंचीची पट्टी भिंतीला लावून एकेकाला उभं केलं, वय विचारलं, गोळ्या तळहातावर ठेवल्या आणि म्हणाले, "आमच्यासमोरच घ्या, नंतर घेते म्हणू नका." मी घेतल्या, सासूबाईंनी घेतल्या. धाकटे दीर मात्र अडून बसले. "मला काय झालंय? ज्याचा पाय सुजलाय त्याला द्या." आमचे हे बोटीवर होते, त्यांच्या राहूनच गेल्या.

मला हा रोग परका नाही. माझ्या आजीचा डावा पाय गुडघ्याखाली खांबासारखा झाला होता. लग्नाकार्यात ती मागच्या पडवीत बसायची, पाय लुगड्याखाली ओढून. लोक म्हणायचे, अमावास्येला खाडीत उतरली, पाणी लागलं. आजीही शेवटपर्यंत तेच खरं मानायची.

आज आमच्या आळीत एकाचाही पाय सुजलेला नाही. मग धडधाकट माणसाने औषध का घ्यायचं? आणि हा रोग पसरवणारा डास येतो तरी कुठून? दारात पाणी आहे ते खारं. दिराला पटेल असं उत्तर हवंय.

गोट्या_परतला:

दिरांना सांगा, डास चावण्याआधी "पाय दाखवा" म्हणत नाही. :)

पांढरा_कोट:

ताई, हा प्रश्न मी नोकरीत शेकडो वेळा ऐकला. माझी बरीच वर्षं चंद्रपूर-गडचिरोलीकडे गेली. महाराष्ट्रातला हत्तीरोग जास्त करून विदर्भातला, पण ठाणे, पालघर, सिंधुदुर्ग हे किनाऱ्याचे जिल्हेही त्यात येतात.

दिरांचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं, पण गंमत अशी की ज्याचा पाय जुनाट सुजलेला आहे त्याच्या रक्तात बहुतेक वेळा या रोगाच्या जंतूची, म्हणजे कृमीची, पिल्लं सापडतच नाहीत. ज्याच्या रक्तात ती फिरत असतात तो माणूस दिसायला तुमच्या दिरांसारखाच असतो, जाळं ओढणारा, दोन भाकऱ्या जास्त खाणारा. डासाला जंतू मिळतो तो त्याच्याकडून. आपल्या अंगात काही आहे याचा त्याला वर्षानुवर्षं पत्ता नसतो.

मोठे कृमी पांढऱ्या दोऱ्यासारखे असतात. मादी आठ-दहा सेंटिमीटर, नर तिच्या निम्मा. ते रसवाहिन्यांत (अंगातला पाण्यासारखा रस वाहून नेणाऱ्या नळ्यांत) आणि अवधाणाच्या गाठींजवळ गुंता करून राहतात, साधारण पाच-सहा वर्षं. मादी लाखोंनी पिल्लं सोडते आणि ती रक्तात उतरतात. एकेक पिल्लू मिलिमीटरच्या पाव भागाएवढं. पण माणसाच्या अंगात त्याचा मोठा कृमी होऊ शकत नाही, त्याला आधी डासाच्या पोटात जावं लागतं. तिथे ते पोटाची भिंत फोडून छातीच्या स्नायूंत शिरतं, दोनदा कात टाकतं आणि दहा ते चौदा दिवसांनी सोंडेपाशी येऊन थांबतं. डास पुढच्या माणसाला चावायला बसला की ते कातडीवर उतरतं आणि डंखाच्या भोकातून स्वतः आत सरपटतं.

मलेरियाचा जंतू डासाच्या अंगात वाढून हजारो होतो. हा तसा वाढत नाही, एका पिल्लाचा एकच कृमी. शिवाय नर आणि मादी दोघं एकाच माणसात पोचायला हवेत. त्यामुळे चार चाव्यांनी हा रोग होत नाही. रंगून शहरातल्या १९६८ साली छापून आलेल्या एका अभ्यासात हिशेब निघाला होता की जंतूवाहू डासांचे साधारण १५,५०० डंख बसावेत तेव्हा एका माणसाच्या रक्तात नव्याने पिल्लं दिसू लागतात. हा रोग गावात टिकून राहतो तो वर्षानुवर्षं रोज रात्री चावून घेणाऱ्या वस्त्यांमध्ये.

झोपाळू_खवळे:

१५,५०० डंख! आमच्या माजघरात पावसाळ्यातल्या दोन आठवड्यांचा हिशेब झाला हा.

पांढरा_कोट:

@झोपाळू_खवळे, जंतूवाहू डासांचे डंख म्हटलंय. शंभर डास धरले तर त्यात जंतू असलेला एखादाच निघतो, कधी तोही नाही. पण तुमच्या माजघराचं काहीतरी कराच.

रात्रपाळी:

मी निवृत्त आरोग्य कर्मचारी. पंधरा-सोळा वर्षं रात्रीचं रक्त गोळा केलं, म्हणून लिहितो.

दिवसा रक्त घेतलं तर आपल्याकडच्या हत्तीरोगाची पिल्लं सापडत नाहीत. दिवसभर ती फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून असतात. रात्री नऊ-दहानंतर बोटाच्या टोकापर्यंतच्या रक्तात येऊ लागतात आणि मध्यरात्रीच्या आगेमागे सर्वांत जास्त. नेमका त्याच वेळी गटारातला डास, म्हणजे क्युलेक्स, चावायला निघतो. दोघांनी वेळ ठरवून घेतल्यासारखं. मला हे आजही नवलाचं वाटतं.

म्हणून आमची ड्युटी साडेआठला सुरू व्हायची ती बारापर्यंत. दोघं जण, एक बॅटरी, रक्ताचा थेंब घ्यायच्या काचांची पेटी, स्पिरिट, कापूस. लोक जेवून आडवे झालेले. कुत्री मागे लागायची. "दिवसा या की, चोरासारखं रात्री काय येता?" हे प्रत्येक गल्लीत. एका वस्तीत अफवा पसरली की आम्ही रक्त विकतो. तिथे मी आधी स्वतःच्या बोटाला टोचून काच केली, मग म्हाताऱ्या सरपंचीणबाईंनी हात पुढे केला, आणि मग रांग लागली. त्या रात्री ज्याच्या काचेत पिल्लं वळवळताना दिसली तो पंचविशीचा पैलवान गडी होता. त्याला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला दिला. दोन मिनिटं काहीच बोलला नाही. नंतर म्हणाला, "माझ्या पोरीला पण चावलेला डास मला चावतो ना?" मी म्हटलं, उलटं आहे गड्या, तुला चावलेला डास पोरीला चावतो. त्याने गोळ्या घेतल्या आणि भावकीलाही घ्यायला लावल्या.

ताई, दिरांना हाच किस्सा सांगा.

खाडीकाठची:

काका, अंगावर काटा आला. सांगते.

सरळसोट:

माझं मत वेगळं आहे. रोग नसलेल्या माणसाला सरकारने दारात येऊन औषध गिळायला लावणं मला पटत नाही. माझ्या मामेभावाने दोन वर्षांपूर्वी या गोळ्या घेतल्या, संध्याकाळी ताप, डोकं गरगरलं, उलटी झाली. दुसऱ्या दिवशी ठीक, पण घरच्यांची रात्र कशी गेली? आधी रक्त तपासा, ज्याच्यात निघेल त्यालाच द्या.

पांढरा_कोट:

@सरळसोट, शंका रास्त आहे आणि ती उडवून लावायची नाही. पण तुमच्या भावाला झालं ते बहुधा गोळीच्या विषामुळे नव्हे. पिल्लं एकदम मेली की त्यांच्या मेलेल्या शरीराला आपलं अंग प्रतिक्रिया देतं. रक्तात पिल्लं नसलेल्याला सहसा काही होत नाही, ज्याच्यात जास्त त्याला ताप-डोकेदुखी जास्त. एक-दोन दिवसांत उतरतं. म्हणजे तुमच्या भावाला त्या गोळ्यांची गरज असण्याचीच शक्यता मोठी. आरोग्यसेवकाने हे आधी समजावून सांगायला हवं होतं आणि रात्री कुणाला बोलवायचं तो नंबर द्यायला हवा होता. तिथे चूक झाली, हे मान्य.

सगळ्या गावाचं रक्त मध्यरात्री तपासत बसणं जमत नाही. आणि काचेवर घेतात ते रक्त थेंबभर, त्यात पिल्लू आलं नाही म्हणजे अंगात नाही असं होत नाही. म्हणून वर्षातून एकदा सगळ्यांनी एकत्र घ्यायचं, सलग काही वर्षं. डीईसी आणि अल्बेंडाझोल अशा दोन गोळ्यांची पद्धत होती तेव्हा किमान पाच वर्षं धरायचे. आता बऱ्याच जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनही जोडतात. या तीन औषधांची सुरुवात देशात ज्या थोड्या जिल्ह्यांत झाली त्यात आपलं नागपूर होतं. उंचीची पट्टी आणतात ती आयव्हरमेक्टिनचा डोस ठरवायला.

कुणी घेऊ नये तेही लिहितो: दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, फार आजारी माणूस. पाच वर्षांखालच्या मुलांना आयव्हरमेक्टिन नाही. उपाशीपोटी कुणीच घेऊ नये. अल्बेंडाझोल चावून खायची.

सरळसोट:

शक्यता समजली. मामेभावाला दाखवतो हे. तरी सक्ती नको, हे माझं म्हणणं कायम.

रात्रपाळी:

सक्ती नाहीच आहे मालक. समोर गिळा म्हणतात कारण उशाखाली आणि देवघरात ठेवलेल्या गोळ्यांचे ढीग आम्ही डोळ्यांनी पाहिलेत.

वसईची_वेल:

डासांच्या जागेबद्दल कुणी बोलेना म्हणून मी बोलते. आमच्या वसईत हत्तीपाय किंवा डेंगीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "बावखलं बुजवा." बावखल म्हणजे वाडीतलं तळं. आमच्या पणजोबांनी केळी आणि पानवेल शिंपायला खणलेलं. पावसाचं गोडं पाणी त्यात मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी खाऱ्या होत नाहीत. कित्येक बावखलं भराव टाकून बुजवली, वर इमारती उभ्या राहिल्या. डास कमी झाले? उलट वाढले, कारण त्या इमारतींचं सांडपाणी उघड्या गटारात आलं.

किनारी_कट्टा:

वेलताई, भावना समजतात, पण आमच्या शेजारच्या बावखलात प्लास्टिक, निर्माल्य, दोन घरांचं मोरीचं पाणी आणि वर जलपर्णी. संध्याकाळी खिडकी उघडता येत नाही. अशा बावखलाचं काय करायचं? बुजवा म्हटलं तर राग येतो.

वसईची_वेल:

मोरीचं पाणी तोडा आणि गप्पी मासे सोडा. बुजवू नका. माझ्या काकांच्या बावखलात मासे आहेत, कासव आहे, एक अळी दिसत नाही.

रात्रपाळी:

दोघांचंही खरं आहे. क्युलेक्सला घाण पाणी आवडतं: साठलेलं गटार, उघडा शोषखड्डा, फुटका सेप्टिक टँक, मोरीच्या पाण्याचं डबकं, न वापरलेली विहीर. मासे असलेल्या स्वच्छ तळ्यात त्याचं फारसं चालत नाही. भरती-ओहोटीच्या खाऱ्या पाण्यातही नाही. म्हणून ताई, तुमच्या खाडीकडे नका बघू, घरामागे बघा.

मादी एका वेळी शंभर ते तीनशे अंडी पाण्यावर तराफ्यासारखी चिकटवून घालते. काळसर, भाताच्या दाण्याएवढा तराफा. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास. ज्या जागेकडे कुणाचं लक्ष जात नाही ती म्हणजे सेप्टिक टँकचा वाफेचा पाइप. झाकण घट्ट असलं तरी त्या पाइपातून डास आत जातात, आत अंधार, उबदार, सडकं पाणी, त्यांना स्वर्गच. एका टाकीतून एका रात्रीत शेकड्यांनी डास उडताना मी मोजलेत. पाइपाच्या तोंडाला जाळी बांधा. दहा रुपयांचं काम. धूरफवारणीची गाडी गेली की लोकांना बरं वाटतं, पण तिने उडणारे डास मरतात, टाकीतल्या अळ्या तशाच राहतात.

सुंभ_आणि_पीळ:

आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या बाजूक नारळाची सोडणां कुजत घालूची पद्धत. खड्ड्यात महिनोन् महिने. काळा पाणी, आणि त्यात वळवळे. आमच्या आजयेचो पाय असोच सुजलेलो होतो. लोक म्हणत, देवचारान धरल्यान. आता वाचून वाटता, देवचार घरामागच्या खड्ड्यातच होतो.

खाडीकाठची:

@सुंभ_आणि_पीळ, आपल्या दोघांच्या आज्या एकाच पडवीत बसलेल्या दिसतात मला.

जुनी_पोथी:

डास-कृमीचं नातं जगाला पहिल्यांदा कळलं तेही समुद्रकाठीच. पॅट्रिक मॅन्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर चीनच्या अमॉय बंदरात, म्हणजे आजच्या शियामेनमध्ये नोकरीला होता. १८७७ साली त्याने आपल्या माळ्याला, ज्याच्या रक्तात पिल्लं होती, रात्री डासांच्या खोलीत झोपवलं. मग रक्त पिऊन तट्ट झालेले डास फोडून पाहिले आणि पिल्लं डासाच्या अंगात वाढताना पाहिली. कीटकाच्या अंगात माणसाच्या रोगाचा जंतू वाढतो, हे त्याआधी कुणी दाखवलं नव्हतं.

पण पुढचं पाऊल त्याचं चुकलं. त्याला वाटलं, डास पाण्यात मरून पडतो आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला रोग होतो. १९०० साली लंडनमध्ये जॉर्ज कार्मायकल लो याने ऑस्ट्रेलियाहून आलेल्या डासांचे काप करून दाखवलं की कृमी सोंडेत असतो, म्हणजे चाव्यातूनच जातो. मधली वीस-बावीस वर्षं मोठमोठे डॉक्टरही "पाणी लागलं" असंच मानत होते. ताईंच्या आजीला बोल लावू नका कुणी.

खाडीकाठची:

नाही लावत. पण आज हे वाचायला ती असायला हवी होती.

अलेप्पीचा_पाहुणा:

मी मूळचा दापोलीचा, अकरा वर्षं केरळात आलप्पुळ्याजवळ. इथल्या चेर्थला भागाचं नाव हत्तीपायासाठी जुन्या काळापासून घेतलं जातं. पण इथला प्रकार निराळा. कृमी ब्रुगिया जातीचा, आणि डास मॅन्सोनिया. या डासाची अळी श्वासासाठी पाण्याच्या वर येतच नाही. आपली नळी ती पाणवनस्पतीच्या मुळात खुपसते आणि तिथली हवा घेते. म्हणून पाण्यावर तेल टाकून ती मरत नाही.

ती वनस्पती म्हणजे पिस्टिया. कोबीचे छोटे गड्डे पाण्यावर तरंगत असावेत तशी. लोक ती तळ्यात मुद्दाम राहू द्यायचे, कारण नारळाच्या आळ्यात हिरवं खत म्हणून घालायची. खत गेलं तर नारळाचं काय, म्हणून काढायला कुणी तयार नव्हतं. १९८०च्या दशकात पुदुच्चेरीच्या कीटकरोग संशोधन केंद्राने इथे काम केलं, तेव्हा त्यांनी लोकांना तळ्यात मासे पाळायला लावलं. मासे विकून पैसे येऊ लागले, मग तळी साफ ठेवणं लोकांच्याच फायद्याचं झालं. नुसतं "वनस्पती काढा, डास होतात" सांगून ते झालं नसतं.

किनारी_कट्टा:

मग आमच्या बावखलातल्या जलपर्णीमुळेही हत्तीपाय?

अलेप्पीचा_पाहुणा:

नाही, तुमच्याकडचा कृमी वेगळा, वुचेरेरिया. भारतातला हत्तीरोग जवळजवळ सगळा त्याचाच. जलपर्णी काढा, पण तिच्या नावाने गटाराला विसरू नका.

माऊ:

दिवसा चावणारे पांढऱ्या पट्ट्यांचे डास आहेत आमच्याकडे. त्यांच्यामुळे?

पांढरा_कोट:

ते एडिस. आपल्याकडे डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवणारे. पण पॅसिफिकमधल्या सामोआ वगैरे बेटांवर हत्तीरोग दिवसा चावणारा एडिसच पसरवतो. करवंट्यांत आणि खेकड्यांच्या बिळांत साठलेल्या पाण्यात तो वाढतो. आणि तिथल्या माणसांच्या रक्तात पिल्लं दिवसाही असतात. आपल्या निकोबारच्या काही बेटांवरही दिवसाच चावणाऱ्या डासाची गोष्ट आहे. रात्रपाळी काका म्हणाले तसं, जिथला डास जेव्हा चावतो तेव्हा तिथली पिल्लं वर येतात.

दारेसलामकर:

धाग्यात थोडी आफ्रिका घालतो. इथे टांझानियाच्या किनाऱ्यावर हत्तीपायाला माटेन्डे म्हणतात आणि पुरुषांच्या अंडवृद्धीला माबुशा. कोळीवाड्यांत माबुशाचे रुग्ण जास्त दिसतात आणि पुरुष ते लपवतात, आपल्यासारखंच.

झांझिबारला मकुंडुची नावाचं किनारी गाव आहे. तिथे १९८०च्या दशकाच्या शेवटी संडासाच्या खड्ड्यांत थर्मोकोलचे बारीक मणी ओतले. मण्यांचा थर पाण्यावर तरंगत राहतो, मादीला अंडी घालता येत नाहीत, अळीला श्वास घेता येत नाही. जोडीला लोकांना डीईसी दिलं. गोळ्यांनी रक्तातली पिल्लं कमी झाली आणि मण्यांमुळे ती परत चढली नाहीत. जिथे नुसत्या गोळ्या दिल्या तिथे रोग पुन्हा डोकं वर काढू लागला. म्हणून माझं मत, गोळ्या की डास असा वाद घालूच नये.

वसईची_वेल:

थर्मोकोल बावखलात नको हं! मासे मरतील.

दारेसलामकर:

छे, फक्त बंद खड्ड्यात. :)

किनारी_कट्टा:

कुणाला राग येईल, पण बोलतो. आमच्या बंदरावर बाहेरच्या राज्यांतून खलाशी येतात. त्यांच्याकडच्या भागांत हा रोग भरपूर. तेच आणतात इथे.

खाडीकाठची:

दादा, आमच्या बोटीवर चार खलाशी बाहेरचे आहेत. दहा-दहा दिवस आमच्या माणसांबरोबर एका तांडेलाच्या हाताखाली झोपतात, जेवतात. एखाद्याच्या अंगात असेलही. पण माझ्या आजीला झाला तेव्हा आमच्या गावात बाहेरचा खलाशी नव्हता. आणि डास तर आपल्याच गटारातला ना? मोहीम घराच्या यादीवर चालते, बोटीवरचा माणूस कोणत्याच घराच्या यादीत नाही, हे खरं दुखणं आहे. बोट बंदराला लागते तेव्हा सगळे एकत्र असतात, लिलावाच्या वेळी. तिथे गोळ्या घेऊन या, असं मी आशाताईला सांगणार आहे.

रात्रपाळी:

लाख बोललात. त्यांना आधी खाऊ घाला, उपाशीपोटी नको. लिलाव पहाटे असतो.

उंबरठा:

मी इथे वाचते फक्त, लिहीत नाही. आज लिहिते.

माझा उजवा पाय एकवीस वर्षांपासून सुजलेला आहे. आता बावन्न वर्षांची आहे. सुरुवातीला जांघेत अवधाण यायचं, थंडी वाजून ताप, पाय लालबुंद, हात लावू द्यायचा नाही. चार दिवसांनी उतरायचं, पण दर वेळी पाय थोडा जाड राहायचा. एका ठिकाणी मला कित्येक वर्षं लघवी जास्त होण्याच्या गोळ्या दिल्या. पाण्याची सूज आहे म्हणाले. पाय तसाच, वर अशक्तपणा. बोटांमध्ये चिरा पडलेल्या, त्यात बुरशी, याकडे कुणी पाहिलंही नाही.

मग एका आरोग्य शिबिरात एका परिचारिकेने माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि धुतला. साधा साबण, साधं पाणी, हळू हाताने, बोटांच्या बेचक्यांत. मग जुन्या सुती कापडाने टिपून टिपून कोरडा केला. चिरांना मलम लावलं. म्हणाली, कृमी मेले तरी खराब झालेल्या रसवाहिन्या परत येत नाहीत, पण पाय वाढतो तो या चिरांतून शिरणाऱ्या जंतूंमुळे, आणि ते तुमच्या हातात आहे. माझ्या पायाला घरच्यांखेरीज कुणी हात लावला त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मी रडले.

तेव्हापासून रोज दोनदा धुते. रात्री पाय उशीवर उंच, दिवसा बसल्या बसल्या घोटा गोल फिरवते, अनवाणी चालत नाही. आधी महिन्या-दोन महिन्यांनी ताप यायचा, आता दोन वर्षांत एकदाच आला. पाय बारीक नाही झाला. पण मी माझ्या भाचीच्या लग्नात पुढे बसले होते.

ताई, तुमच्या आजीला मागच्या पडवीत बसवणाऱ्यांचा मला राग आला, म्हणून लिहिलं.

खाडीकाठची:

उंबरठाताई, काय लिहू. माझ्या आत्याच्या पायाला नुकती सूज दिसायला लागली आहे, ती कुणाला दाखवत नाही. तुमचं हे तिला वाचून दाखवणार.

पांढरा_कोट:

उंबरठाताई, तुमच्या लिहिण्याला वैद्यकीय भर घालायची गरज नाही. पुरुष मंडळींसाठी एवढंच: अंडवृद्धीला धुणं-पुसणं उपयोगी नाही, तिथे शस्त्रक्रिया आहे आणि ती सरकारी रुग्णालयात होते. लपवून ठेवू नका. आणि सकाळची लघवी दुधासारखी पांढरी दिसली तर तीही याच रोगाची खूण असू शकते, दाखवून या.

गोट्या_परतला:

पहिल्या प्रतिसादात विनोद केला होता. आता सेप्टिक टँकच्या पाइपाला जाळी बांधून आलो. तीन पाइप आमच्या चाळीत, तिन्ही उघडे होते. झोपाळू_खवळे, तुमचे किती?

झोपाळू_खवळे:

दोन. बॅटरी मारून पाहिलं, तोंडाशी डासांचा ढग. बायको म्हणाली, आता कळलं मी रात्रभर हातपाय का झाडते.

खाडीकाठची:

धागा वर आणते आहे, दीड महिना झाला. सांगण्यासारखं बरंच आहे.

आशाताईने ऐकलं. बोटी लागल्या त्या दिवशी बंदरावर पाव आणि चहा ठेवला, खलाशांना खायला घातलं आणि तिथेच गोळ्या दिल्या. आमच्या ह्यांनीही घेतल्या, आमचे चार खलाशीही. दिराने ह्यांना पाहून घेतल्या.

त्या रात्री बाहेरच्या एकाही खलाशाला काही झालं नाही. ह्यांना मात्र हुडहुडी भरून ताप आला, डोकं धरून बसले. सासूबाई घाबरल्या, दीर माझ्याकडे बघायला लागले. मला या धाग्यावरचं सगळं आठवत होतं, तरी पोटात गोळा आलाच. आरोग्यसेवकाला फोन केला, तो रात्री अकराला आला, तापाची गोळी दिली, थांबला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरला. मग त्याने बोटाचं रक्त तपासणीच्या एका पट्टीवर घेतलं. दहा मिनिटांनी दुसरी रेघ उमटली, म्हणजे अंगात कृमी होते.

चोवीस वर्षं समुद्रावर जाणारा माणूस. कधी पाय सुजला नाही, कधी आजारी पडला नाही. आमच्या घरात मी, दोन मुली, सासूबाई, सगळे एकाच खोलीत एकाच पंख्याखाली झोपतो. मुलींचीही पट्टी केली. दोघींची एकच रेघ आली. मी देवापुढे दिवा लावला आणि मग घरामागचा शोषखड्डा बघायला गेले.

दीर काही बोलले नाहीत. पण रविवारी त्यांनी आळीतल्या अकरा घरांच्या पाइपांना जाळी बांधली. सुतळीने बांधली होती, दोन निसटल्यात.

रात्रपाळी:

ताई, मुलींचं वाचून बरं वाटलं. ह्यांना पुढच्या वर्षीही गोळ्या चुकवू देऊ नका, मोठे कृमी एका फेरीत सगळे मरत नाहीत.

जाळी नायलॉनची बारीक भोकांची घ्या, दुहेरी घडी करून तोंडावर टाका आणि तारेने पिळून बांधा. किनाऱ्यावर लोखंडी तार महिन्यात गंजते, तांब्याची घ्या. आणि पावसाळ्याआधी एकदा शिडी लावून बघा.

खाडीकाठची:

तांब्याची तार बोटीच्या सामानात आहे. दिराला आत्ताच देते.